फणसाची मूठ

आषाढातली दुपार होती. मांडवात कोयकलमं बांधायचं काम चालू होतं. हाताला आंब्याचा चीक, त्यावर पावसाचं पाणी, आणि अशात चाकू निसटला तो थेट जांभ्याच्या पायरीवर आपटला. पात्याला काही झालं नाही. मूठ मात्र उभी तडकली आणि तिचा अर्धा भाग गळून पडला. चाकू उचलला तर आत पोलाद दिसत होतं. पातं मुठीच्या तोंडाशी संपतं असं मी सात वर्षं धरून चालले होते. ते तिथे संपत नव्हतं. तीच पट्टी मागे मुठीच्या शेवटापर्यंत गेली होती आणि तिच्या दोन अंगांना प्लास्टिकच्या दोन फाका रिबिटांनी ठोकल्या होत्या, एवढंच.

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्या दिवसाचं काम पुरं केलं. पण तेव्हापासून डोक्यात एकच घोळत राहिलं, की ही मूठ आपल्याला करता येईल.

आमची रोपवाटिका देवरुखच्या बाजूला आहे, लहानशीच. हापूसची कोयकलमं हे मुख्य काम. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मुठीचा सगळा विचार त्या कापापासून सुरू होतो. पावसाच्या तोंडावर बाठे वाफ्यात रुजत घालायचे. रोप १०-१५ दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आणि लुसलुशीत आहेत, तेवढ्यात ते बाठ्यासकट उचलायचं. बाठ्यापासून ७-८ सेंटीमीटरवर शेंडा छाटायचा आणि वरून ४ सेंटीमीटर खोल उभी चीर द्यायची. हापूसची ३-४ महिन्यांची काडी घ्यायची, जिची पानं आठ-दहा दिवस आधीच काढून ठेवलेली असतात. तिला खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. पाचरीचे दोन्ही काप सपाट पाहिजेत. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो पातळ ओलसर थर असतो त्यातूनच जोड धरतो. काप खोलगट आला की मध्ये पोकळी राहते, तिच्यात पाणी शिरतं आणि काडी काळी पडते.

म्हणून कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूने उतरवलेली असते, दुसरी बाजू शेवटपर्यंत सपाट. ती सपाट बाजू काडीला टेकून सरकते आणि काप सरळ येतो. दिवसाला दीडशे कलमं बांधली तरी सहाशे काप होतात. आणि प्रत्येक कापाला मूठ त्याच जागी, त्याच कोनात हातात बसायला हवी.

माझा चाकू एकूण १७ सेंटीमीटरचा. पातं ७ सेंटीमीटर, जाडी २ मिलिमीटर, साधं पोलाद, पुसून ठेवलं नाही तर एका रात्रीत गंजणारं. मला असंच पोलाद आवडतं. स्टेनलेसपेक्षा त्याला धार लवकर लागते, आणि विळीच्या पात्यासारखं ते कैरी, चीक, लिंबू खात खात काळपट होत जातं. तो काळा थर तांबड्या गंजाला थोडाफार थोपवून धरतो. पात्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. मूठ मात्र सरळ, चपटी, जेमतेम १४ मिलिमीटर जाडीची होती आणि लांबीला माझ्या तळव्याच्या बाहेर जायची. माझा हात लहान आहे. चपटी मूठ वळू नये म्हणून बोटं आवळून धरावी लागत आणि दरवर्षी आषाढ संपेपर्यंत तर्जनीच्या मुळाशी घट्टा पडायचा.

पहिली मूठ मी घाईने केली, त्याच पावसात. घरात खैराचं एक मोडकं मुसळ होतं. खैरासारखं लाकूड नाही, दगडासारखं टणक, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यातून दोन फळ्या कापून घेतल्या. पात्याला काही न गुंडाळता कानस चालवायला बसले आणि कानस घसरून तळहाताला दोन टाके पडले. भोकं दोन्ही फळ्यांना वेगवेगळी पाडली, अर्थातच ती जुळली नाहीत. मग सळई हातोडीने ठोकून आत घातली आणि खैर रेषेत चिरला. टणक लाकूड तासताना त्रास देतं एवढंच मला माहीत होतं. ते ताण सहन न करता सरळ फाटतं हे तेव्हा कळलं. चिरेत गोंद भरून मूठ तशीच वापरली. आठवड्याभरात तळहात निळे-काळे दिसायला लागले. आधी वाटलं आंब्याचा चीक असेल, पण साबणाने जाईना. मग लक्षात आलं की खैर म्हणजे कात. कातात टॅनिन असतं, आणि टॅनिन, पाणी व लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. पूर्वीची काळी शाई अशीच करत. माझ्या मुठीत पावसाळाभर शाई तयार होत होती.

खरी गोष्ट पुढे डिसेंबरात कळली. पाऊस गेला, हवा कोरडी झाली आणि एका सकाळी चाकू हातात घेतला तर तो बोचला. पोलादाची कड लाकडाच्या वर आली होती, फार नाही, नखाला लागेल एवढीच. चीर रुंदावली होती. लाकूड आपल्या रेषेच्या आडव्या अंगाने फुगतं आणि आक्रसतं. पोलाद तसं काही करत नाही. मी ऑगस्टच्या दमट हवेत, फुगलेल्या लाकडाची मूठ पोलादाशी बरोबर घासून घेतली होती. लाकूड सुकून मागे सरलं आणि पोलाद उघडं पडलं. उलट हिवाळ्यात, लाकूड सुकं असताना मूठ केली, तर पावसात ते किंचित वर येईल आणि पोलादाची कड आत झाकली जाईल. मला चाकू पावसातच लागतो. म्हणजे मूठ थंडीतच करायला हवी होती. आमच्याकडे औजारांची डागडुजी थंडीत करायची पद्धत आहे. तेव्हा हाताला रिकामा वेळ असतो म्हणून, असं मी समजत होते. आता मला त्यामागे हेही कारण दिसतं.

जानेवारीत पुन्हा बसले. खैराच्या फाका काढल्या, पट्टी लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून गंज काढला, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पुसली. पात्यावर पुठ्ठ्याचं म्यान करून चिकटपट्टीने घट्ट बांधलं. ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग आकार. कागदावर काढून पाहिला, पण कागदावर हात कळत नाही. गेल्या भाद्रपदात गावच्या गणपतीच्या शाळेतून मुलांना खेळायला आणलेली शाडू वाळून गोळा होऊन पडली होती. ती रात्रभर भिजत घातली, सकाळी मळली आणि उघड्या पट्टीभोवती जाडसर थापली. हाताला थोडं तेल लावून चाकू तसाच धरला, जसा काडी तासताना धरते: अंगठा पात्याच्या पाठीवर, तर्जनी खाली, बाकीची तीन बोटं सैल. डोळे मिटून सात-आठ वेळा खोटे काप घेतले. डोळे उघडून पाहिलं तेव्हा मातीत माझा हात उमटला होता. मूठ मध्ये फुगीर झाली होती, पुढे तर्जनीपाशी बारीक, मागे करंगळीपाशी पुन्हा थोडी रुंद. आणि दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. तळव्याकडची बाजू भरदार, बोटांकडची चापट. दुकानातली मूठ दोन्हीकडे सारखी असते कारण ती कोणाच्याही हातात जायची असते. शाडू उन्हात सुकवली आणि दोऱ्याने मापं घेतली. मधला घेर साडेआठ सेंटीमीटर, लांबी साडेनऊ. दुकानातल्या मुठीपेक्षा अर्धा सेंटीमीटर आखूड आणि चांगलीच जाड.

शाडूचा तो साचा पडवीत सुकत असताना आमच्याकडे काम करणारी काकी आली. वीस-बावीस वर्षं कलमं बांधते, माझ्याआधीपासून. तिने तो उचलला, हातात धरला आणि लगेच खाली ठेवला.

"ह्यो तुज्या हातातला," ती म्हणाली. "माज्या हाताला टोचतो गो."

काकी डावखुरी आहे. हे मला माहीत होतंच, रोज समोर बसून काम करतो आम्ही. पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. तो अर्थ पुढे आला. आधी माझी मूठ.

लाकूड सुताराकडून आणलं. त्यांच्याकडे सागाचे, शिवणीचे, फणसाचे तुकडे होते. साग मला चालला असता, तो पावसात फार हलत नाही. पण त्यात तेल असतं, चिकटवण्याआधी ते नीट पुसावं लागतं, आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी हत्यारं लवकर बोथटतात. मी फणस घेतला. एका जुन्या घराच्या चौकटीचा तुकडा होता, कित्येक वर्षं वाळलेला. दक्षिणेत वीणा आणि मृदंग याच लाकडाचे करतात. ते फार जड नाही, कानशीला चांगलं उतरतं, वाळवीला दाद देत नाही. सुतारांनी करवत देण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवलं आणि आत रुतलेला एक मोडका खिळा सापडला. जुनं लाकूड वापरणाऱ्याने हे करायलाच हवं.

तुकडा वरून तपकिरी, मळका. करवत आत गेली आणि हळदीसारखा पिवळा रंग बाहेर आला. भुसा पाण्यात टाकला तर पाणीही पिवळं झालं. म्यानमार, थायलंडकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं याच भुश्याने रंगवायची रीत आहे. उजेडात तो पिवळा हळूहळू तांबूस तपकिरी होतो. तुकडा मधोमध उभा चिरून दोन फळ्या केल्या, १२ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना त्याच रेषा समोरासमोर आल्या.

पट्टीला टेकणारी बाजू अगदी सपाट हवी, नाहीतर फट राहते. त्यासाठी माझ्याकडे यंत्र नाही. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे. त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि फळी त्यावर आठच्या आकड्यात फिरवत राहिले. फळीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारायच्या आणि सगळ्या रेघा एकदम पुसल्या जाईपर्यंत घासायचं. मध्ये रेघ शिल्लक राहिली तर तिथे खळगा आहे. एका फळीला पाऊण तास लागला.

भोकांचं या वेळी असं केलं. एक फळी पट्टीला क्लॅम्पने आवळली आणि पट्टीतल्या भोकातूनच ड्रिल खाली फळीत उतरवलं. पहिलं भोक पडल्यावर त्यात ४ मिलिमीटरच्या पितळी सळईचा तुकडा घालून ठेवला, म्हणजे फळी सरकायला जागा नाही, आणि मग दुसरं. दुसऱ्या फळीलाही तसंच. खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवला तर भोकाची मागची कड उचकटत नाही. सळईला पॉलिश पेपर फिरवून ती बोटाने दाबली की आत जाईल एवढी सैल केली. हातोडी हातात घेतलीच नाही. मूठ गोंद धरून ठेवतो. सळई फाका सरकू देत नाही, तिचं काम तेवढंच. खैराच्या वेळी मला हे उलटं वाटत होतं.

आणखी एक गोष्ट सुतारांनी आठवण करून दिली म्हणून वाचले. फळ्यांची पुढची टोकं, जी पात्याकडे तोंड करून असतात, ती चिकटवण्याआधीच गोल करून, बारीक पेपर मारून पूर्ण करून ठेवायची. नंतर तिथे पेपर चालवायला गेलं की पात्यावर ओरखडे येतात. दोन्ही टोकं एकाच रेषेत यावीत म्हणून दोन्ही फळ्या सळयांवर एकत्र अडकवून घासल्या.

चिकटवायला दोन ट्यूबचं अ‍ॅरल्डाइट घेतलं, सावकाश सुकणारं. पाच मिनिटांत धरणारंही मिळतं, पण मला हात हलवायला वेळ हवा होता. पट्टी खरखरीत पेपरने घासून, थिनरने पुसून घेतली. त्यानंतर तिला बोट लावलं नाही. दोन्ही ट्यूबमधून सारखा भाग काढून चांगला ढवळला, दोन्ही बाजूंना लावला, सळया घातल्या. क्लॅम्प दोनच होते म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. फार आवळायचं नाही, नाहीतर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. पुढच्या टोकाशी बाहेर आलेला गोंद ओला असतानाच थिनरच्या चिंधीने पुसला. थंडीत गोंद धरायला वेळ घेतो, मी दीड दिवस हात लावला नाही.

तासायला मात्र मला घाई करावीशी वाटली नाही. आठ संध्याकाळी गेल्या त्यात. लाकडाची कानस, मग ८० नंबर, मग १२०. शाडूचा साचा शेजारी, दोऱ्याने माप घ्यायचं, पाच-सहा वेळा कानस ओढायची, डोळे मिटून मूठ धरायची, कुठे लागतं ते बघायचं, तिथे पेन्सिलीने खूण करायची. डोळ्याला चांगला दिसणारा आकार आणि हाताला चांगला वाटणारा आकार वेगळे असतात. बोटांकडची बाजू मी फार वेळ दुसऱ्या बाजूसारखी फुगीर करत होते, कारण तशी ती सुंदर दिसत होती. ती चापट केली तेव्हा हात एकदम शांत झाला. धूळ फार उडते, तोंडाला ओला पंचा बांधून बसत असे.

२२० नंबरपर्यंत गेल्यावर मूठ पाण्याने ओली केली. सुकल्यावर लाकडाचे तंतू उभे राहून खरबरीत लागतं, ते पुन्हा घासायचं, पुन्हा ओलं करायचं. तीन वेळा केल्यावर तंतू उठायचे थांबले. ज्या मुठीला पाण्यातच काम करायचं आहे तिला हे आधीच पाजून घेतलेलं बरं. २२० च्या पुढे गेले नाही. आरशासारखी चकचकीत मूठ दिसायला छान, पण ओल्या हातात ती माशासारखी निसटते.

वरून काय लावायचं यावर घरात बरंच बोलणं झालं. सुतारांनी स्पिरिट पॉलिश सुचवलं. ते लाखेचं असतं आणि स्पिरिटमध्येच विरघळतं. कलमं बांधताना मी दर थोड्या वेळाने चाकू स्पिरिटने पुसते, रोग एका रोपाचा दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. ते पॉलिश आठवडाभरही टिकलं नसतं. शेजारच्यांनी काजूच्या टरफलांचं तेल सांगितलं, होडीला लावतात ते. लाकडाला ते उत्तम, पण कातडीला भाजतं. ओला काजू सोललेल्या कोणालाही हे सांगायला नको. खोबरेल घरातच होतं, खैराला मी तेच लावलं होतं आणि मूठ कायम तेलकट राहिली होती, कारण खोबरेल कधी सुकून घट्ट होतच नाही. जवसाचं मात्र सुकतं. हवेतला प्राणवायू घेऊन ते लाकडात घट्ट बसतं. घाटावरून नणंद येणार होती, तिला घाण्याचं जवसाचं तेल आणायला सांगितलं. अगदी पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं, चार दिवस उन्हात ठेवायचं. असे पाच हात. पहिला हात फिरला आणि पिवळं लाकूड मधासारखं झालं.

एक सांगायलाच हवं. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या पोटात ती साठते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मी चिंधी दोरीवर पसरून कडक वाळू देत असे आणि मगच टाकत असे.

माझा चाकू झाला आणि मी काकीचा चाकू मागून घेतला. धार बघितली. उजव्या हाताची. आमचे सगळे चाकू एकाच दुकानातून येतात, सगळ्यांची धार एकाच बाजूला. काकी तो डाव्या हातात धरते, म्हणजे तिच्या हातात सपाट बाजू बाहेर आणि उतरती बाजू काडीला टेकलेली. उतरती बाजू लाकडावर ठेवून ओढली की पातं आत वळतं आणि काप पन्हळीसारखा खोलगट येतो. मी स्वतः डाव्या हाताने दोन काड्या तासून पाहिल्या, दोन्ही वाया गेल्या. मग काकीला तासताना पाहिलं. ती प्रत्येक कापाला मनगट बाहेर वळवायची आणि शेवटी एक छोटा दुसरा काप घेऊन खळगा काढून टाकायची. तिची कलमं माझ्याइतकीच लागतात, कधी जास्त. पण त्यासाठी ती बावीस वर्षं दुप्पट काप घेत होती, आणि पावसाळा संपला की उजव्या हाताने डावं मनगट दाबत बसायची. मला वाटायचं वय झालं.

नवा चाकू आणला, तसाच, कारण डाव्या हाताचा आमच्या बाजारात मिळाला नाही. त्याची धार मला दुसऱ्या बाजूला न्यायची होती. वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर दहा मिनिटांचं काम, पण ग्राइंडरवर पातं तापतं, कड निळी पडते आणि पात्याचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. म्हणून हाताने केलं. कुरुंदाचा खरबरीत दगड, पाणी, आणि पाच संध्याकाळी. सपाट बाजू तिरकी धरून घासत राहायचं. कड हळूहळू वर सरकते, जुना उतार लहान लहान होत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. काळ्या पेनने पातं रंगवून घेत होते, म्हणजे दगड नेमका कुठे लागतोय ते दिसतं. शेवटी पातं जवळजवळ ४ मिलिमीटर अरुंद झालं, पण बाहेरची बाजू आतली झाली. हे मूठ बसवण्याआधी केलं, कारण एवढं पाणी लाकडाला नको.

काकीच्या हातात शाडू दिली तेव्हा ती लाजली. मग तिने धरली, आणि अंगठा पाठीवर ठेवण्याऐवजी बाजूला ठेवला. मी तिला माझ्यासारखी धरायला सांगितलं नाही. तिचा साचा माझ्यापेक्षा लांब निघाला, मागे जास्त जाड, अंगठ्यापाशी एक उथळ खाच. त्याच फणसाच्या उरलेल्या तुकड्यातून तिच्या फाका काढल्या. दुसरी मूठ पहिलीच्या अर्ध्या वेळात झाली.

चैत्रात मूठ पुरी झाली, तेव्हा कलमांचे दिवस नव्हते. काकीने आंब्याची एक टाकाऊ काडी घेतली आणि एक काप ओढला. काडी वळवून उजेडात धरली. दुसऱ्या बाजूने एक. पाचर बोटात फिरवत राहिली. मग नकळत, सवयीने, तो छोटा दुसरा काप घ्यायला चाकू पुन्हा टेकवला आणि थांबली. घ्यायला काही उरलं नव्हतं.

"ह्यो वायलाच हाय," एवढंच म्हणाली, आणि दुसरी काडी घेतली. त्या दुपारी तिने विनाकारण तीसेक काड्या तासल्या. जुनं मनगट वळवणं जायला तिला जूनचे पहिले पंधरा दिवस लागले. हात शिकलेलं लवकर विसरत नाही.

आता श्रावण आहे. दोन्ही चाकू दोन महिने रोज पावसात आहेत. फणस फुगला आहे, अपेक्षेप्रमाणे. बोट फिरवलं तर पोलादाची कड लाकडाच्या आत गेलेली लागते, पितळी सळयांच्या जागी बारीक खळगे झाल्यासारखे वाटतात. पोलादालगत एक काळसर रेघ आली आहे, पण हात रंगत नाहीत. अंगठा जिथे टेकतो तिथलं तेल उडालं आहे. तर्जनीच्या मुळाशी यंदा घट्टा नाही. लाकूड वर आलंय ते घासून सारखं करावं असा मोह मला रोज होतो, आणि मी करत नाही. आता घासलं तर पौषात पुन्हा पोलाद बोचेल. संध्याकाळी चाकू धुते, पुसते, पात्याला तेलाचं बोट लावते आणि दोन्ही चाकू चुलीच्या वरच्या फळीवर, कोरड्यात ठेवते, काकीचा डावीकडे.